व्हीगन पदार्थ घशाखाली उतरत नाही? बिघाड कुठे आहे ते आधी जिभेला विचारा

तक्रार नेहमी एकच असते. पदार्थ दिसायला बरा असतो, पहिला घास कौतुकानं जातो, दुसऱ्या घासाला हात थांबतो आणि ताटात उरलेलं कोणी उचलत नाही. पाककृती बदलली तरी शेवट हाच. आमच्या घरी हे दीड वर्षं चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरात कोणी नुकतंच व्हीगन झालं आहे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं सगळं खाणं सोडलं आहे, त्यांना उपयोग होईल.

माझा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. दीड वर्षापूर्वी त्यानं दूध, दही, तूप, अंडी, मध सगळं सोडलं. जनावरांबद्दल त्याला आतून वाटतं म्हणून सोडलं, त्यामुळे मी वाद घातला नाही. चिपळूणला घरी आला की सोबत पाककृतींचे कागद आणतो. एका हौशी, आरोग्याची मनापासून आवड असलेल्या मुलीनं त्या लिहिलेल्या आहेत. तिची तळमळ खरी आहे आणि जिन्नसही चांगले असतात. पण आम्ही आतापर्यंत तिच्या २२ पाककृती करून चाखल्या, त्यातल्या जेमतेम ५ जशाच्या तशा संपल्या. चाखायला मी, हे, मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांची जीभ आम्हा तिघांपेक्षा तल्लख आहे. त्या एक घास घेतात आणि म्हणतात, "अगं, ह्यात काहीतरी राहिलंय."

राहिलेलं असायचंच. कागदावर काय काढून टाकायचं ते लिहिलेलं असतं, पण तो जिन्नस पदार्थात कोणतं काम करत होता हे लिहिलेलं नसतं. तेल काढलं की मसाल्याचा वास धरून ठेवणारं काही उरत नाही. दही काढलं की आंबटपणा जातो आणि सोड्याला फुलवणारंही जातं. अंडं काढलं की पदार्थ बांधणारं आणि शिजल्यावर घट्ट होणारं जातं. मीठ काढलं की कडवटपणा उघडा पडतो, कारण मीठ खारटपणा देतं तसंच कडू चव दाबतंही. बिघाड शोधायचा तो इथेच, "व्हीगन आहे म्हणून असंच लागणार" असं म्हणून सोडून द्यायचा नाही.

सगळं सपाट लागतं, चव जिभेवर थांबतच नाही

सर्वांत जास्त वेळा हेच झालं, म्हणून आधी हे घेते. पाककृती होती मटकीच्या उसळीची. तेल नाही, मीठ "शक्यतो नाही", गूळ नाही. कांदा पाण्यावर परतायचा, हळद-जिरेपूड घालायची, मटकी वाफवून त्यात सोडायची. केली. मुलानंही अर्धी वाटी बाजूला सारली.

कांदा पाण्यावर परतला जात नाही, तो उकडला जातो. पाणी आहे तोवर भांड्यातली उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही आणि कांदा तांबूस होऊन खमंग व्हायला त्याहून बरीच जास्त लागते. जिरं, धणे, लवंग, दालचिनी यांच्या वासाचा मोठा भाग तेलातच विरघळतो, पाण्यात नीट उतरत नाही. म्हणून पूड घालूनही उसळ मुकी राहते.

मग मी ती उसळ तीन वाट्यांमध्ये वाटली. पहिलीत फक्त मीठ घातलं. दुसरीत मीठ आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण. तिसरीत मीठ, वाटण आणि दोन आमसुलं घालून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवली. कोणत्या वाटीत काय आहे ते न सांगता चौघांसमोर ठेवल्या. पहिली वाटी "बरी" ठरली. दुसरी संपत आली. तिसरीतलं सासूबाईंनी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं.

वाटण करताना मी तेलाचा थेंब वापरला नव्हता. कांदा सालासकट गॅसच्या जाळीवर काळा होईपर्यंत भाजला, सुकं खोबरं लोखंडी तव्यावर कोरडं लाल केलं, धणे आणि दोन लवंगा त्याच गरम तव्यावर टाकल्या आणि सगळं बारीक वाटलं. खोबऱ्यातच तेल असतं, ते वाटताना सुटतं आणि मसाल्याचा वास धरून ठेवतं. म्हणजे वरून तेल न घालण्याची त्या मुलीची अट पाळली गेली आणि उसळही उसळीसारखी लागली. खोबरं नको असेल तर भाजलेले तीळ किंवा दाण्याचं कूट हेच काम करतं. कारळंही चालतात, पण जपून, जास्त झाले तर कडू होतं.

मिठाचा एक अंदाज मला फार उपयोगी पडला. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ असलं की बहुतेकांना चव बरोबर वाटते, म्हणजे ४०० ग्रॅम उसळीला सुमारे ४ ग्रॅम, एक सपाट छोटा चमचा भरत नाही इतकंच. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. अशा वेळी आंबटपणा वाढवा, कमी मिठातही पदार्थ जिवंत लागतो. पण धडधाकट माणसाला अळणी उसळ वाढून ती आरोग्यदायी म्हणायची, हे मला पटत नाही. न खाल्लेल्या मटकीतलं प्रथिन कोणाच्याच अंगी लागत नाही.

आता कोणताही पदार्थ सपाट लागला की मी हीच तीन वाट्यांची परीक्षा घेते: मीठ, स्निग्ध, आंबट, याच क्रमानं. दहापैकी सात वेळा तिथेच उत्तर मिळतं.

चहा फाटतो

मुलाला सकाळचा चहा हवाच आणि कागदावर बदामाचं दूध लिहिलेलं. घरी काढलेलं बदामाचं दूध उकळत्या चहात ओतलं की कण-कण होतं आणि वर पाणी दिसतं. चहा किंचित आम्लधर्मी असतो. आम्लता आणि उष्णता एकत्र आली की बदामातली प्रथिनं गोळा होतात. गुळाच्या चहात गाईचं दूधही फाटतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तसाच हा प्रकार. विकतच्या डब्यांमध्ये दूध एकजीव ठेवणारे घटक घातलेले असतात, म्हणून ते थोडं जास्त टिकतं.

चहा-साखर-आलं पाण्यात नीट उकळून कोरा चहा गाळून घ्यायचा. आलं पाण्यात उकळलं जाणं महत्त्वाचं, कारण कच्च्या आल्यातलं विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं आणि उकळल्यावर त्याचा जोर जातो. दूध वेगळं कोमट करायचं, कपात आधी दूध घ्यायचं आणि त्यावर कोरा चहा हळूहळू ओतायचा. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. गूळ हवा असेल तर तो कोऱ्या चहातच विरघळवून, थोडं निवल्यावर.

खरं सांगायचं तर बदाम चहाला पातळच पडतो. आमच्याकडे काजू जिंकला: १२-१५ काजू गरम पाण्यात तासभर भिजवून, एक कप पाण्यात अगदी गंधासारखे वाटून. गाळावंही लागत नाही. ओट्सचं दूध करणार असाल तर ते तापवलं की बुळबुळीत होतं, हा त्यातल्या पिष्टाचा गुण आहे. ओट्स थंड पाण्यात, मिक्सरमध्ये २०-३० सेकंदच फिरवा, फडकं पिळू नका आणि उकळू नका. सोयाबीनचं घरी काढलं तर कच्च्या शेंगेसारखा उग्र वास मारतं. दाणे थंड पाण्यात वाटताना त्यातलं एक विकर जागं होतं आणि तो वास तयार करतं. भिजवलेले दाणे सोलून उकळत्या पाण्यातच वाटले तर वास बराच कमी होतो.

केक आतून गिच्च, वरून कोरडा, आणि साबणासारखी चव

ही पाककृती आम्ही तीनदा केली. ज्वारीचं पीठ, चार अंड्यांऐवजी चार मोठे चमचे जवसाची पूड, दोन केळी, एक चमचा सोडा, साखर नाही. तिन्ही वेळा सुरी चिकटून बाहेर आली.

जवसाची पूड पाण्यात भिजवली की अंड्यासारखी चिकट होते (एका अंड्याला एक मोठा चमचा पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा-पंधरा मिनिटं), पण अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात तशी ती होत नाही. एका अंड्याची जागा ती निभावते, दोनांची कशीबशी, चारांची मुळीच नाही. त्यात ज्वारीत पीठ बांधणारं ग्लूटेन नाही, म्हणजे पिठाकडूनही आधार नाही. केळ्यानं ओल आणखी वाढवली. भट्टीत कितीही वेळ ठेवला तरी असा केक आतून सुकत नाही.

साबणाची चव मात्र जवसाची नव्हती. सोडा आम्लाशिवाय घातला की नीट वापरला जात नाही आणि मागे ती खारट, तुरट, साबणी चव ठेवतो. मूळ केकमध्ये ताक असणार. ते व्हीगन करताना काढलं गेलं आणि सोडा तसाच राहिला. एक कप पिठाला पाव छोटा चमचा सोडा पुरतो आणि तेवढ्याला एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो.

चौथ्यांदा मी अर्धी ज्वारी, अर्धी कणीक घेतली, जवस एकच चमचा, केळं एकच, सोडा वरच्या हिशेबानं, अर्धी वाटी काकवी आणि चार चमचे शेंगदाण्याचं तेल. केक पूर्ण गार होईपर्यंत कापला नाही; गरम कापला तर चांगला केकही गिच्च दिसतो. या वेळी डबाभर केक मुलगा गाडीत घेऊन गेला.

काकवीवरून आठवलं, मूळ कागदावर मध होता. मध व्हीगन नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द घडवला आणि व्हीगन सोसायटी काढली. आज हा आहार पाळणारे मधमाशीकडून घेतलेलंही टाळतात. पाहुण्याला जेवायला बोलावलं असेल तर हे आधी बघा. बिस्किटात दूध पावडर आणि नानकटाईत तूप बऱ्याचदा असतं.

अंडं फक्त फुगवण्यासाठी हवं असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरून बघा. मीठ-सोडा न घालता चणे शिजवायचे, उरलेलं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करायचं आणि गार करून फेटायचं. पांढराशुभ्र फेस येतो. जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं आणि पुढच्या वर्षी त्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव पडलं. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. पहिल्यांदा तो फेस चढताना बघून मी सासूबाईंना स्वयंपाकघरात हाक मारली होती.

कडू लागतं

इथे थांबून कारण शोधाच, कारण एक कडूपणा नुसता चवीचा प्रश्न आहे आणि दुसरा जिवाचा.

किन्वा (धान्यासारखं वापरतात ते परदेशी बी) कडू लागला तर तो नीट धुतलेला नाही. त्याच्या सालावर सॅपोनिन नावाचं कडू द्रव्य असतं, आपल्या रिठ्यात आणि शिकेकाईत असतं त्याच जातीचं, म्हणून धुताना फेस येतो. फेस थांबेपर्यंत चोळून धुवायचा. बाजरीचं पीठ कडू लागलं तर ते जुनं आहे. दळून आणल्यावर त्यातली स्निग्धता लवकर खवट होते. जवसाच्या पुडीचंही तेच, म्हणून आठवड्यापुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. साखरेऐवजी स्टीव्हिया घातलं असेल तर मागाहून येणारा कडवटपणा त्याचाच. तो कमी करायचा म्हणजे स्टीव्हिया निम्मं करून थोडा खजूर घालायचा.

दुधी मात्र वेगळा. एका कागदावर सकाळी उपाशीपोटी कच्च्या दुधीचा हिरवा रस होता. मी तो चाखायलाही दिला नाही. दुधी, काकडी, दोडका या वर्गातल्या भाज्या क्वचित फार कडू निघतात. त्यांना कडू करणारं कुकरबिटॅसिन हे द्रव्य विषारी असतं आणि कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत, दगावलेलीही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनंही कडू रस पिऊ नका असं बजावलं होतं. दुधी चिरताना एक चकती जिभेला लावून बघायची. कडू असेल तर थुंकायचं आणि अख्खा दुधी टाकून द्यायचा. शिजवून, मीठ घालून, लिंबू पिळून तो सुधारत नाही. "औषध कडूच असतं" म्हणून कोणाला पाजू नका.

असाच इशारा राजम्याचा. राजम्याचं ब्राउनी एका कागदावर होतं आणि त्यात भिजवलेला राजमा "मंद आचेवर मऊ" करायला सांगितला होता. कच्च्या आणि अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात तो खळखळ उकळलाच पाहिजे. आपण कुकरला लावतो तेच योग्य. कुकरला मऊ गाळ झालेला राजमा वापरला तेव्हा ब्राउनीतली रवाळ कचकचही गेली.

टोफू रबरासारखा, सोयावडीला वास

टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, नेहमीच्या पनीरसारखा थेट ग्रेव्हीत टाकला की तो आतून अळणी आणि पाणचट राहतो, कारण त्यात पाणी भरलेलं असतं आणि मसाल्याला आत जायला जागाच नसते. फडक्यात गुंडाळून वर वरवंटा किंवा भरलेला डबा ठेवा, २० मिनिटं. मग खारट गरम पाण्यात पाच मिनिटं, पुसून तव्यावर कडा लाल होईपर्यंत. अजून चांगलं हवं असेल तर एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वितळवून पिळा, त्याला जाळी पडते आणि रस्सा शोषला जातो. भुर्जी करताना काळं मीठ गॅस बंद केल्यावर भुरभुरा; त्यातल्या गंधकामुळे अंड्याचा वास येतो. सोयावडी गरम खारट पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदलायचं आणि प्रत्येक वेळी घट्ट पिळायची. न पिळता रश्शात टाकली तर वास जात नाही.

चिया बुळबुळीत लागतो ही तक्रार असेल तर प्रमाण बघा, तो स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी पितो. आम्ही सब्जा वापरतो. कच्च्या पालकाच्या रसानं दातांवर राप चढल्यासारखं वाटतं. पालक मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून घेतला की कमी होतं.

काही कागद मी दुरुस्त केले नाहीत

फ्लॉवर किसून केलेला "पुलाव" आणि शेंगदाणा-बीटाचं "सूप" हे दोन बाजूला ठेवले. त्या दिवशी त्याऐवजी कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी केली. मुलगा म्हणाला, "आई, हे तर आधीपासूनच व्हीगन आहे." खरंच की. तूप वरून घालायचं नाही एवढंच. वालाचं बिरडं, ओल्या काजूची उसळ, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, अळूचं फदफदं, घावन, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, यात कधीच दूध-अंडं नव्हतं. टोमॅटो ऑम्लेट म्हणतो तो बेसनाचाच पोळा असतो. आठवड्यातले चार दिवस असा स्वयंपाक असला की उरलेल्या तीन दिवसांत नवं काही चाखून बघायला सगळ्यांना उत्साह असतो. रोज नव्या पाककृतीवर माणूस थकतो.

ब१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून भरवशानं मिळत नाही, ते मुलानं डॉक्टरांना विचारून वेगळं सुरू केलं आहे. चवीचा प्रश्न सुटला म्हणून हे विसरू नका.

अजून न सुटलेलं

श्रीखंड. कागदावर काजू, लिंबू आणि खजूर होते. तपकिरी, पिठूळ आणि लिंबाच्या सरबतासारखं आंबट झालं. लिंबाचा आंबटपणा जिभेवर एकदम येतो आणि जातो, विरजणाचा हळूहळू पसरतो, त्यामुळे तिथे लिंबू चालत नाही. मग शेंगदाण्याचं दही लावलं: दाणे रात्रभर भिजवून, सोलून, वाटून, गाळून, ते दूध उकळलं आणि कोमट झाल्यावर त्यात पाच-सहा मिरच्यांची देठं टाकली. पहिलं दही टाकून दिलं, त्यातल्या चमचाभर विरजणानं दुसरं लावलं. ते छान आंबट लागलं, पण दुधात असतं ते केसिन हे प्रथिन दाण्यात नाही, त्यामुळे फडक्यात टांगल्यावर चक्का घट्ट बसला नाही, आणि दाण्याचा वास वेलची-केशरातूनही डोकावत राहिला.

पुढच्या वेळी अर्धे काजू, अर्धे दाणे घेऊन, विरजायच्या आधी दुधात चमचाभर तांदळाची पिठी शिजवून बघणार आहे. मुलगा पाडव्याला येतोय, तोवर दोनदा करून होईल. सासूबाईंनी आत्तापासून सांगून ठेवलंय, साखर पिठीच घे, खजूर नको.